बटर आणि साखर फेटायची कशी: केक-कुकीज नव्याने करणाऱ्यांसाठी

केक दडस झाला की आपला पहिला संशय बेकिंग पावडरवर जातो, मग ओव्हनवर आणि शेवटी मैद्यावर. मीही याच क्रमाने गेले. पावडर नवी आणली, केकचा डबा बदलला, तापमान दहा अंश वर-खाली करून पाहिलं, तरी केकच्या तळाशी तो ओलसर, पिवळट, घट्ट पट्टा यायचाच. एकदा ओट्यावर ‘मऊ होण्यासाठी’ ठेवलेल्या बटरमध्ये सहज थर्मामीटर खुपसला, तर २७ अंश सेल्सिअस. तीन तास बाहेर राहिलेलं ते बटर बशीत कडेने ओघळायला लागलं होतं. त्या बटरमध्ये मी साखर घालून दहा मिनिटं फेटत असे आणि हवा टिकेल अशी वाट पाहत असे. ती टिकणारच नव्हती.

बहुतेक कृतींमध्ये या पायरीला एकच ओळ मिळते: ‘बटर आणि साखर हलकं होईपर्यंत फेटून घ्या.’ हलकं म्हणजे किती, बटर कसं हवं, थांबायचं कधी, हे कुणी सांगत नाही. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते.

आधी एवढं समजून घ्या

साखरेच्या दाण्यांना टोकदार कडा असतात. बीटर फिरतो तेव्हा हे दाणे बटरमधून ओढले जातात आणि जाताना हवेचे अतिशय बारीक बुडबुडे आत अडकवत जातात. बटर ना घट्ट ना पातळ अशा अवस्थेत असेल तर ते बुडबुडे धरून ठेवतं. पुढे ओव्हनमध्ये वाफ आणि बेकिंग पावडरमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड याच बुडबुड्यांमध्ये शिरतात आणि त्यांना फुगवतात.

बेकिंग पावडर नवे बुडबुडे जवळजवळ तयार करत नाही, असलेल्यांना मोठं करते. बुडबुडे भरपूर आणि बारीक असले तर जाळी बारीक आणि एकसारखी पडते. मोजकेच असले तर सगळा वायू त्या थोडक्यांतच शिरतो, मग कुठे मोठी भोकं, कुठे गच्च गोळा. अशा वेळी पावडर वाढवली तर भोकं आणखी मोठी होतात आणि वर केकला कडवट चव येते.

याचा जुना पुरावा म्हणजे पाउंड केक. बटर, साखर, अंडी आणि मैदा, प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. आल्फ्रेड बर्ड यांनी इंग्लंडमध्ये १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली, आणि पाउंड केक त्याच्या कितीतरी आधीपासून होत होता. तो फुलायचा तो फक्त हाताने फेटून भरलेल्या हवेवर.

लागणारं साहित्य

सरावासाठी छोटा केक घ्या, म्हणजे बिघडला तरी फार वाया जात नाही:

- बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम
- बारीक दाण्यांची साखर १२० ग्रॅम
- २ अंडी (कवचाशिवाय मिळून साधारण १०० ग्रॅम)
- मैदा १२० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा
- दूध २ मोठे चमचे, व्हॅनिला अर्धा छोटा चमचा

अवजारांत वजनकाटा, हँड मिक्सर किंवा मजबूत लाकडी चमचा, उभ्या कडांचं खोलगट भांडं, रबरी स्पॅच्युला आणि १५ सेंटिमीटर व्यासाचा गोल डबा. शक्य असेल तर स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर घ्या. नवशिक्याने मिक्सरपेक्षाही आधी थर्मामीटर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. फार पसरट भांडं घेऊ नका, त्यात मिश्रण कडेला फेकलं जातं आणि बीटरखाली काहीच उरत नाही.

डब्याला बटर लावून तळाशी कागद घाला आणि फेटायला लागण्याआधीच ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवा. तयार मिश्रण ओट्यावर वाट बघत राहिलं की भरलेली हवा हळूहळू निसटते.

१. बटर योग्य तापमानाला आणा

निम्मं काम इथेच होतं, म्हणून इथे घाई करू नका.

बटरमध्ये सुमारे ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो, १६ ते १८ टक्के पाणी आणि बाकी दुधाचे घन घटक. त्या स्निग्धांशाचा काही भाग स्फटिकरूपात घट्ट असतो, काही द्रव असतो. फ्रिजमधल्या थंड बटरमध्ये घट्ट भाग जास्त, म्हणून ते ताणलं जात नाही, नुसते तुकडे पडतात. २३-२४ अंशांच्या पुढे द्रव भाग इतका वाढतो की बुडबुड्याभोवती भिंतच उभी राहत नाही. या दोन्हींच्या मधली अवस्था आपल्याला हवी. फेटायला सुरुवात करताना बटर १८ ते २० अंशांवर असावं. बीटरच्या घर्षणाने ते पुढे एक-दोन अंश तापतंच, तेवढी जागा आधीच ठेवायची.

‘रूम टेंपरेचरचं बटर’ या शब्दांवर विसंबू नका. खोली ३२ अंशांवर असेल तर त्या तापमानाचं बटर केकच्या कामाचं उरलेलं नसतं.

थर्मामीटर नसेल तर बोटाने बघा. बटरच्या तुकड्यावर तर्जनी हलकेच दाबली की खळगा पडायला हवा, पण थोडा जोर लावावा लागला पाहिजे. बोट उचलल्यावर त्यावर चकाकी दिसू नये. बोट तुपकट झालं, किंवा न दाबताच आत गेलं, तर बटर जास्त मऊ झालंय. तुकडा दोन्ही हातांनी वाकवून बघा: योग्य बटर न मोडता वाकतं, थंड बटर कट्‌कन तुटतं. हात लावल्यावर बटर अजून गार लागलं तर घाबरू नका, १८ अंश आपल्या बोटांना गारच लागतात.

मऊ करण्याची सोपी पद्धत म्हणजे सेंटिमीटरभराचे चौकोनी तुकडे करून बशीत सुटे पसरायचे. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर पंधरा मिनिटांनी तपासायला लागा, उकाडा असेल तर सात-आठ मिनिटांनी. घाई असेल तर थंड बटर किसून घ्या, किंवा दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोका. ठोकल्याने ते न तापता मऊ पडतं, आणि मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात खात्रीची वाटते.

मायक्रोवेव्ह टाळा. तो सगळ्या भागांना सारखं तापवत नाही, वरून आकार शाबूत दिसतो आणि आत बटर वितळलेलं असतं. वितळलेलं बटर फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट केलं तरी त्याची पहिली मऊ, लवचिक घडण परत येत नाही, ते रवाळ होतं. असं बटर दुसऱ्या कशाला तरी वापरा, केकसाठी नवं घ्या.

२. साखर निवडा

बारीक दाण्यांची साखर सगळ्यात चांगली. दाणा लहान म्हणजे तेवढ्याच वजनात दाणे जास्त, कडा जास्त, बुडबुडे जास्त. घरातली साखर जाड असेल तर मिक्सरच्या भांड्यात दोन-तीन झटके द्या, पण पीठ करू नका. पिठीसाखरेला धारदार कडाच उरत नाहीत, म्हणून तिच्याने हवा कमी भरते. खुसखुशीत, आकार न बदलणाऱ्या कुकीजसाठी ती उत्तम, फुलायला हव्या असलेल्या केकसाठी नाही. ब्राउन शुगर ओलसर असते, तिच्यात गुठळ्या असतात, त्या आधी बोटांनी मोडून घ्या.

३. आधी नुसतं बटर फेटा

साखर घालण्याआधी बटर एकटंच अर्धा ते एक मिनिट मध्यम गतीवर फिरवा. तुकडे एकजीव होतात आणि कुठे थंड गाठ राहिली असेल तर ती इथेच सापडते. मीठ आणि व्हॅनिला मी इथेच घालते, लिंबाची किसलेली साल वापरत असाल तर तीही. सुगंध स्निग्ध पदार्थात चांगला मुरतो.

आणखी एक करा: सुरुवातीलाच बटरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पांढऱ्या बशीत बाजूला ठेवा. पुढच्या पायरीत त्याचा उपयोग आहे.

४. साखर घालून फेटा आणि भांड्याकडे बघत राहा

साखर तीन-चार वेळा मिळून घाला, बीटर मध्यम गतीवर ठेवा. सगळ्यात वरच्या गतीचा मोह नको, तिथे हवेपेक्षा उष्णता जास्त तयार होते. स्टँड मिक्सर असेल तर पॅडल म्हणतात ते चपटं पातं लावा. तारांच्या फेटणीत घट्ट बटर अडकून बसतं.

पहिल्या मिनिटात मिश्रण ओल्या वाळूसारखं दिसतं. पिवळं, जड, बीटरभोवती गोळा होणारं. दाणे भांड्याला घासून करकर आवाज येतो. इथे पुष्कळ जण थांबतात, कारण सगळं मिसळलेलं दिसतं. मिसळलेलं असतं, फेटलेलं नसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला गोळा सुटतो, मिश्रण कडेला पसरतं, रंग एक छटा उतरतो. मिक्सर बंद करा आणि स्पॅच्युलाने कडा आणि तळ खरवडून सगळं मध्ये घ्या. ही खरवडणी दर मिनिटाला हवी. बीटर तळाला टेकत नाही, त्यामुळे तिथे न फेटलेल्या बटरचा थर राहतो आणि भाजल्यावर तोच चिकट पट्टा होऊन समोर येतो.

चौथ्या-पाचव्या मिनिटाच्या सुमारास आवाज मऊ होतो, करकर जाऊन नुसती फडफड उरते. बीटरच्या मागे स्पष्ट चऱ्या उमटतात आणि तशाच राहतात. आकारमान नजरेला कळेल इतकं वाढलेलं असतं. आता चमचाभर मिश्रण बशीतल्या त्या तुकड्याशेजारी ठेवा. तुकडा पिवळा आणि मिश्रण सायीच्या रंगाचं दिसलं की झालं. हा रंग आत शिरलेल्या हवेचा असतो: असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो आणि पिवळेपणा फिका पडतो. शेजारी तुलनेला काही नसेल तर डोळे फसतात, कारण बदल इतका हळू होतो की जाणवतच नाही.

हाताने करत असाल तर लाकडी चमच्याच्या पाठीने मिश्रण भांड्याच्या कडेला घासत, उचलत, पुन्हा घासत राहा. दहा ते पंधरा मिनिटं लागतात, दंड भरून येतो, पण जमतं. भांड्याखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे ते फिरत नाही.

‘साखर पूर्ण विरघळेपर्यंत फेटा’ हा सल्ला मात्र सोडून द्या. साखर स्निग्धांशात विरघळत नाही, फक्त पाण्यात विरघळते. १०० ग्रॅम बटरमध्ये पाणी जेमतेम १६ ते १८ ग्रॅम. २० अंशांना पाणी स्वतःच्या सुमारे दुप्पट वजनाची साखर विरघळवू शकतं, म्हणजे फार तर ३५ ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम साखर घातली असेल तर उरलेले दाणे बटरमध्ये विरघळणं शक्यच नाही. ती कण न कण नाहीशी होण्याची वाट पाहत लोक पंधरा-पंधरा मिनिटं मिक्सर चालवतात, तोवर बटर तापतं आणि भरलेली हवा निघून जाते. बोटांत चोळल्यावर बारीक रवा लागला तर लागू द्या. अंडी आणि दूध आल्यावर तोही विरघळायला लागतो.

जास्त फेटलं गेल्याची खूण म्हणजे चमक. मिश्रण तुकतुकीत, ओलं, सैल दिसायला लागलं, चऱ्या बुजायला लागल्या की बटर वितळू लागलंय. भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कडेने घट्ट झालेलं मिसळून घ्या आणि पुन्हा मिनिटभर फेटा. बहुतेक वेळा सावरतं. उलट मिश्रण पाच मिनिटांनंतरही गोळ्या-गोळ्यांचं आणि पिवळं असेल तर बटर थंड होतं. थोडं थांबा, मग पुढे फेटा. हवेत उकाडा असेल तर मी भांडं आणि बीटर आधी गार करते आणि बटर १६ अंशांवर असतानाच सुरुवात करते.

५. अंडी हळूहळू घाला

अंड्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. दोन अंडी म्हणजे ७५ ग्रॅम पाणी, आणि ते आपण बटरमध्ये मिसळून घ्यायला सांगतोय. बलकातलं लेसिथिन, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक, हे काम करून देतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

अंडी खोलीच्या तापमानाला, साधारण २० अंशांवर असावीत. फ्रिजमधून काढली असतील तर कवचासकट कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. वाटीत हलकेच फेटा आणि एकेक-दोन चमचे करून घाला. आधीचं पूर्ण जिरल्याशिवाय पुढचं नको. प्रत्येक वेळी मिश्रण क्षणभर सैल होतं, घसरतं आणि मग पुन्हा दाट, मखमली होतं. ते दाट होणं दिसलं की पुढचा चमचा.

घाई केली, किंवा अंडी थंड असली, तर मिश्रण फाटतं. वर बारीक पांढरट कण, तळाशी पिवळसर पाणी. पहिल्यांदा हे बघून मी सगळं टाकून दिलं होतं, ते अजून जिवाला लागतं, कारण ते वाचलं असतं. भांड्याचा तळ कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद टेकवून फेटत राहा. थंडीमुळे फाटलं असेल तर डोळ्यांदेखत सांधतं. तरी नाही जमलं तर मोजून ठेवलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा घाला, तो सुटलेलं पाणी धरतो. पूर्ण नाही सांधलं तरी केक करा. जाळी थोडी घट्ट येईल, खायला चांगलाच होईल.

अंड्याऐवजी दही किंवा दूध घालणार असाल तर नियम तोच: थंड नको, एकदम नको. कंडेन्स्ड मिल्कच्या केकमध्ये साखर आधीच विरघळलेली असते, दाणे नसतात, त्यामुळे फेटून हवा फारशी भरत नाही. तिथे या पायरीवर जास्त वेळ घालवू नका.

६. मैदा मिसळा

मैदा, बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्या. तीन भागांत मैदा, मध्ये दोनदा दूध, सुरुवात आणि शेवट मैद्याने. मिक्सर सगळ्यात कमी गतीवर, किंवा त्याहून चांगलं, स्पॅच्युलाने तळातून वर उचलत. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. त्यापुढे ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि केक चिवट होतो.

लगेच डब्यात घाला, ओव्हनमध्ये ठेवा. साधारण ३०-३५ मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी आली की बाहेर काढा.

७. कापल्यावर जाळी वाचा

गार झाल्यावर मधोमध कापून आधी बघा, मग खा. तळाशी घट्ट पट्टा आणि एकूण दडसपणा असेल तर फेटणं कमी पडलं, किंवा बटर फार मऊ होतं. वरच्या सालीवर साखरेचे तपकिरी ठिपके दिसले तर दाणा जाड होता किंवा फेटणं अपुरं राहिलं. छान फुलून मग मध्ये बसला आणि जाळी भरड असेल तर हवा जास्त झाली किंवा पावडर जास्त पडली. लांबट, बोगद्यासारखी भोकं ही मैदा घातल्यानंतर जास्त ढवळल्याची खूण. मी प्रत्येक केकच्या वेळी बटरचं सुरुवातीचं तापमान आणि फेटण्याची मिनिटं वहीत लिहिते. चार-पाच नोंदींत आपल्या मिक्सरचा स्वभाव कळतो.

८. कुकीजसाठी वेगळा हिशेब

केकचं सगळं जमलं की माणूस कुकीजही तशाच पाच मिनिटं फेटतो आणि ट्रेवर सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात. कुकीजना एवढी हवा नको असते. आत भरपूर हवा आणि मऊ बटर असलं की त्या ओव्हनमध्ये आधी फुगतात, मग बसतात आणि पसरतात.

चावायला थोड्या चिवट, मऊ कुकीज हव्या असतील तर एक ते दोन मिनिटं पुरे: साखर आणि बटर एकजीव झालं, रंग किंचितच उतरला, थांबा. शॉर्टब्रेडसारख्या खुसखुशीत प्रकारात, जिथे वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर आणि तीन भाग मैदा असतो, तिथे तर नुसतं मिसळण्यापुरतं फेटा. साच्याने आकार कापणार असाल तर मिश्रण पिवळसरच राहू द्या, म्हणजे कडा भाजतानाही रेखीव राहतात.

केकच्या मिश्रणासारखी इथे वेळेची घाई नाही. कणीक झाकून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बटर पुन्हा घट्ट होतं आणि पसरणं आटोक्यात येतं. दुसरी खेप भाजताना ट्रे पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर कणीक ठेवू नका. गरम ट्रेवर कणीक ठेवली की बटर ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळायला लागतं.